जवळा बाजाराकडील घरसामान बांधण्याची रीत व जुनीं दफ्तरें

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्या मंडळींत एक समजूत सार्वत्रिक आहे. आमचीं दफ्तरें परचक्रांत जळालीं, लुटींत गेलीं, आणि जीं उरलीं तीं दैवयोगानें उरलीं, अशी ती समजूत. तींत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु कोणत्या प्रकारचे कागद उरले व कोणते गेले हें पाहूं लागलें म्हणजे दैवयोगाचा वांटा पुष्कळच कमी होतो. घर सोडतांना, बदलतांना किंवा पाडून नवें बांधतांना सामान बांधून कोठेंतरी सुरक्षित ठेवण्याचें काम प्रत्येक घराण्यास कधीं ना कधीं करावें लागलें आहे. त्या वेळीं कोणती वस्तु कशांत, कोणत्या क्रमानें व कोणाच्या हातून बांधली गेली, यावर तिचें पुढील आयुष्य बहुतांशीं ठरलें. प्रस्तुत लेखांत जवळा बाजार या गांवाचा आसमंत डोळ्यांपुढें ठेवून या एकाच मुद्द्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जवळा बाजार हें गांव औंढा नागनाथ तालुक्यांत, परभणीहून हिंगोलीस जाणाऱ्या वाटेवर आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचे विभाग होऊन हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तें हिंगोलीकडे मोडतें. जवळा नांवाचीं गांवें मराठवाड्यांत अनेक. त्यांतून हें ओळखूं यावें म्हणून बाजार हें उपपद सोईचें. गांव बाजाराचें असल्यामुळें माल बांधणें, मोजणें, सांठवणें व लादणें हा येथील नित्याचा व्यवहार. शेजारच्या वसमतेच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हळद शिजवून, उन्हांत खडखडीत वाळवून, पोत्यांत भरून भावाची वाट पाहत ठेवणारा या भागांतला शेतकरी सांठवणाच्या शास्त्रांत कोणास हार जाणार नाहीं. ओली हळद पोत्यांत गेली तर काय होतें हें त्यास सांगावें लागत नाहीं. परंतु त्याच घरांतील मोडी कागदांच्या गांठोड्यास हाच न्याय लावावा, हें मात्र क्वचितच कोणास सुचतें.

हा विषय आतांच घेण्याचें कारण असें. जुने वाडे उतरविले जात आहेत. मुलें पुण्यास, नांदेडास किंवा छत्रपति संभाजीनगरास असतात. नवें घर होईपर्यंत सामान कोठें ठेवावें हा प्रश्न पडतो. पुण्यामुंबईस आतां भाड्याच्या कोठ्यांचा धंदाच निघाला आहे. खोलीएवढी जागा, कुलूप आपलें, भाडें महिन्याचें. सामान वाहणारे लोक येतात, पुठ्ठ्याचीं खोकीं व प्लॅस्टिकचे कागद आणतात आणि दोन प्रहरांत घर मोकळें करून देतात. या दोन प्रहरांत माळ्यावरच्या रुमालांचें काय होतें, हा आमच्या वाचकांच्या आस्थेचा प्रश्न आहे.

पूर्वींच्या सांठवणाचा पाया जमीन ओळखण्यांत होता. काळी आणि पांढरी हा भेद आमच्या वाचकांस नवा नाहीं. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत पुरलेलें कांहींही फार दिवस नीट राहत नाहीं. म्हणून पेव खणावयाचें तें पांढरींत, तेंही उंचवट्यावर. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें अरुंद, पोट मोठें. आंतून चहूंकडे कडब्याचें किंवा भुसाचें अस्तर. वर दगड व त्यावर माती लिंपलेली. असें पेव बंद राहिलें म्हणजे धान्याच्या श्वासानेंच आंतली हवा किड्यास जगण्यायोग्य राहत नाहीं. माणसासही ती तितकीच घातक. पेव उघडल्यावर बराच वेळ वारा लागूं द्यावा, मगच आंत उतरावें, हा दंडक त्यामुळें पडला. तो मोडून गुदमरून मेलेल्या माणसांच्या हकीगती गांवोगांव ऐकूं येतात. पेंवांतल्या ज्वारीस एक वास लागतो तो लागतोच. परंतु ती टिकते.

बळद हा पेवाचाच घरांतला भाऊ. भिंतींत किंवा माजघराच्या कडेस बांधून काढलेली ही कोठी बाहेरून ओळखूं येऊं नये अशी असे, आणि धान्याखालीं दुसरेंही कांहीं असूं शकतें हें चोरासही ठाऊक असे. कणगी, तट्ट्या, उतरंड, रांजण यांचा विस्तार येथें करीत नाहीं. वस्त्रांविषयीं मात्र दोन शब्द सांगितले पाहिजेत. पैठणी किंवा शालू उघडा पेटींत ठेवीत नसत. धुवून मऊ झालेल्या जुन्या सुती धोतरांत किंवा मलमलींत गुंडाळून, वेखंड अथवा लवंगा घालून ठेवीत, आणि वर्षांतून एकदां बाहेर काढून घडी बदलीत. घडी तीच राहिली तर जर त्याच रेषेवर तुटतो. हेंच तत्त्व कागदासही लागू आहे. शंभर वर्षें एकाच घडींत राहिलेलें पत्र उघडतांना घडीवरच्या ओळी का गळतात, हें पैठणी सांभाळणाऱ्या कोणत्याही गृहिणीनें सांगितलें असतें.

मालाची लादणी ही याच विद्येची दुसरी बाजू. बैलाच्या पाठीवर गोण टाकावयाची ती दोहों बाजूंस समतोल. जड माल खालीं, नाजूक वर, आणि मोकळी जागा कोठेंही राहतां कामा नये, कारण वाटेंत जें हलतें तेंच फुटतें. धान्य व मीठ वाहणारे लमाणांचे तांडे या प्रांतांतून शतकानुशतकें फिरले. या जिल्ह्यांत त्यांची वस्ती आजही मोठी आहे. पितळेचीं व तांब्याचीं भांडीं एकांत एक बसवितांना मध्यें चिंध्या घालावयाच्या व भांडें पूर्ण वाळल्यावांचून बांधावयाचें नाहीं, हा नियम पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या काळांतही बदललेला नाहीं.

आतां कागद. पोथीची बांधणी प्रसिद्धच आहे. सुटीं पानें, वरखालीं लांकडी फळ्या, त्यावर कापड आणि घट्ट दोरी. पुष्कळ लेखक पोथीच्या शेवटीं जें सुभाषित लिहून ठेवीत त्यांत ग्रंथाच्या शत्रूंमध्यें तेल व पाणी यांच्या जोडीस सैल बांधणीचीही गणना केलेली असते. हें केवळ आलंकारिक नव्हे. सैल बांधलेलीं पानें एकमेकांवर घांसतात, कडा झिजतात, धूळ आणि कसर आंत शिरते, आणि दमट हवेंत कागद लाटेसारखा वाकतो. दफ्तराची रीत थोडी निराळी. लांब अरुंद बंद एकास एक चिकटवून पत्र तयार होई. अशा पत्रांचीं व हिशेबाच्या फर्दांचीं पुडकीं, आणि अनेक पुडक्यांचा एक रुमाल. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. त्याच्या चारी कोपऱ्यांची गांठ वर येते. या गांठीविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

कागद दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा असो किंवा जुन्नरी असो, तो हातचा, चिंध्यांच्या किंवा तागाच्या लगद्याचा, वर खळ देऊन घोटलेला. असा कागद जात्या चिवट. परंतु खळ हें कसरीचें खाद्य आहे. शाई काजळाची व डिंकाची. ती उन्हानें उडत नाहीं, पण पाण्यानें पसरते, आणि ओल लागून दाबलेलीं पानें डिंकामुळें एकमेकांस चिकटून वीट बनते. चुकलेला मजकूर झांकण्यास हरताळ लावीत. हरताळ फासणें हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. हरताळ सोमलाच्या वर्गांतला. किडा त्यापासून दूर राहतो, पण बोटास थुंकी लावून पानें उलटणाऱ्या वाचकानेंही दूर राहिलेलें बरें.

बांधण्याची विद्या इतकी तयार असतां दफ्तरें का गेलीं? आमच्या मतें याचें उत्तर असें कीं, कागदाची बांधणी त्याच्या लेखनावरून ठरत नसून घरास त्यापासून मिळणाऱ्या लाभावरून ठरत असे. इनामाची सनद, वतनाचा महजर, वांटणीपत्र, कर्जरोखा हे कागद दागिन्यांबरोबर मांदुसेंत जात. मुलीकडून आलेलीं पत्रें, लग्नकार्याच्या यादी, कुळांचे जुने हिशेब, वैद्यकाचीं बाडें हीं फडताळांत, कोनाड्यांत किंवा माळ्यावर. घर हलविण्याचा प्रसंग आला म्हणजे मांदूस पहिल्या गाडींत चढे. माळा शेवटीं उतरविला जाई, किंवा तसाच राही. आज सनदा ठिकठिकाणीं सांपडतात व स्त्रियांच्या हातचीं किंवा त्यांनीं सांगून लिहविलेलीं पत्रें क्वचित् सांपडतात, यावरून त्या काळीं स्त्रिया पत्रव्यवहार करीत नसत असें अनुमान काढणारे लोक आहेत. पत्रें होतीं, तीं मांदुसेंत नव्हतीं, एवढेंच.

या क्रमाचा परिणाम मोठ्या प्रमाणावर दिसतो तो इ. स. १७६३ च्या प्रसंगीं. राघोबादादा व माधवराव फौजेसह निजामाच्या मुलखांत शिरले असतां निजामअली जानोजी भोसल्यास घेऊन पुण्यावर चालून आला. शहरच्या लोकांनीं चीजवस्त बांधून डोंगरी किल्ल्यांची वाट धरली. पुणें लुटलें गेलें, कांहीं भाग जळाला. सिंहगडाच्या पायथ्याचें गांव शत्रूच्या टोळीनें जाळलें व त्यांत पुष्कळ मालमत्तेबरोबर मराठ्यांच्या इतिहासाचे हस्तलिखित कागद साफ नष्ट झाले, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं गोदावरीकांठीं राक्षसभुवनास मराठ्यांनीं या स्वारीचा पुरता वचपा काढला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. मुलूख परत मिळाला. कागद मिळाले नाहींत. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हे कागद पुण्यांतल्या घरांत जळाले नाहींत व गडावरही जळाले नाहींत. ते बांधून निघाले होते आणि पायथ्याशीं असतां गेले. घर आणि कोठी यांमधला मुक्काम हाच सामानाचा सर्वांत धोक्याचा मुक्काम होय. वाहणाऱ्यांच्या आंगणांत दोन रात्री पडलेलें खोकें या दृष्टीनें सिंहगडच्या पायथ्यालाच आहे.

जवळा बाजाराच्या टापूंत अशी वेळ आली ती १९४७-४८ सालीं. हा सर्व भाग त्या वेळीं निजामाच्या राज्यांत; उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे हिंदी संघराज्याचा मुलूख. रझाकारांच्या धामधुमींत सरहद्दीलगतचीं अनेक कुटुंबें नदी ओलांडून वाशीम, पुसद, उमरखेड या बाजूस गेलीं; उमरखेडास लढ्याचें केंद्रच होतें. रात्रींतून निघणाऱ्या माणसाची बांधाबांध चार वस्तूंपुरती होते. अंगावरचें सोनें, लेंकरांचें पांघरूण, दोन भांडीं, आणि जमिनीचा कागद. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सुरू झालेली पोलिस कारवाई १७ सप्टेंबरास संपली व लोक परतूं लागले.

यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे संग्राहकांनीं पुरेसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. १९४९ सालीं हैदराबाद संस्थानांतील जहागिरी रद्द झाल्या. १९५४ च्या कायद्यानें इनामें व रोख नेमणुका यांचाही शेवट झाला. लोकशाहीच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु मांदुसेंतल्या सनदेची किंमत एका दिवसांत उतरली. जी मुलें मोडी शिकलीं नाहींत त्यांस मोडी कागद आणि निजामशाही अमदानींतले फारसी कागद सारखेच दुर्बोध. १८८४ नंतर दरबारी व्यवहार उर्दूंत होऊं लागल्यामुळें उर्दू कागदांची त्यांत भर पडलेली. तीन भाषांचे हे कागद एका रुमालांत बांधले जाऊन माळ्यावर गेले. ज्या दफ्तरांस लुटारूंनीं हात लावला नाहीं तीं तेथें, घरच्याच छपराखालीं, कौलांतून गळणाऱ्या पाण्यानें आणि वाळवीनें संपलीं. उरलेल्यांनीं वाण्याच्या पुड्या बांधल्या आणि बंबांत पाणी तापविलें.

आमच्या पूर्वजांस हा धोका अपरिचित होता असें म्हणतां येत नाहीं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत गडावरील सांठ्याविषयीं जी व्यवस्था सांगितली आहे ती या संदर्भांत पुन्हां वाचण्यासारखी आहे. दारू वस्तीपासून दूर व जमिनीवर न ठेवतां माच करून त्यावर ठेवावी. हवालदारानें दर आठपंधरा दिवसांनीं येऊन ती बाहेर काढावी, ऊन द्यावें, व पुनः शिक्कामोर्तब करून ठेवावी, असा तिचा आशय आहे. म्हणजे सांठवण ही एकदां करून विसरण्याची गोष्ट नव्हे. दारूखान्याचा कायदा घरगुती दफ्तरासही थोड्या फरकानें लागू पडतो; कागदास ऊन न देतां सावलींतला वारा द्यावयाचा, आणि आठ दिवसांऐवजीं वर्षांतून दोनदां, इतकाच फरक. नवरात्रांत व दसऱ्यास पोथ्या आणि शस्त्रें काढून, पुसून, पूजा करून पुनः ठेवण्याची चाल आहे. तिचा हेतु धार्मिक असो. पावसाळा संपतांच दर वर्षीं न चुकतां पोथी सोडली व बांधली जावी याहून चांगली योजना एखाद्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्यासही सुचली नसती.

भाड्याच्या कोठीचा दोष नेमका येथें आहे. तींत सामान ठेवणारा घडी बदलावयास जात नाहीं. कुलूप पडलें, भाडें बँकेंतून परस्पर जातें, आणि दोन वर्षांचीं पांच होतात. त्यांतून कोठीचें छप्पर पत्र्याचें असेल तर वैशाखांत आंतल्या उकाड्यानें कागद कुरकुरीत होतो. तळमजल्यावर असेल तर पाण्याचें भय. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेच्या पुरानें पुण्यांतल्या नदीकांठच्या घरांत काय केलें हें ज्यांस ठाऊक आहे ते तळमजल्याची कोठी दफ्तरासाठीं घेणार नाहींत. शक्यतों दफ्तर कोठींत पाठवूंच नये. नातलगाच्या राहत्या घरांतलें कपाट त्याहून बरें, कारण तेथें माणसाचा वावर असतो. पाठवावेंच लागलें तर बांधणी चैत्र-वैशाखांत, हवा कोरडी असतां करावी. प्लॅस्टिकची पिशवी कागदास लागूं देऊं नये. बांधतेवेळीं आंत राहिलेली ओल तींत कोंडते व बुरशी धरते. घरांत खारवी रुमाल असला तरी त्याचा लाल रंग ओलीनें सुटतो, यास्तव आंत धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाचा थर द्यावा. डांबराच्या गोळ्यांवर लोकांचा फार विश्वास. त्यांच्या वासानें कसर लांब राहते हें खरें, पण आधींच घातलेलीं अंडीं मरत नाहींत. आणि वेखंड व लिंबाचा पाला यांचीही तीच गत आहे. पाला ठेवणें झालें तर तो खडखडीत वाळलेला असावा व कागदास न लागतां वेगळ्या पुरचुंडींत असावा. पत्र्याची पेटी वाळवीस व उंदरास अडविते. ती आंतून गंजलेली नाहीं एवढें पाहून, विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. सामान वाहणाऱ्यांच्या गाडींत ती चढवूं नये. तिचा प्रवास घरच्या माणसाच्या मांडीवर व्हावा. मांदुसेचा तोच मान होता.

याहूनही नाजूक भाग म्हणजे रुमाल सोडणें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापिला त्या वेळेपासून घरगुती दफ्तरांची थोरवी महाराष्ट्रास कळली, व शेंकडों रुमाल उजेडांत आले. त्याबरोबर एक अनिष्ट संवयही पडली. संग्राहक रुमाल सोडतो, पत्रें कालानुक्रमें लावितो, महत्त्वाचीं निवडून घेतो, मळकें कापड टाकून देतो. तारखेप्रमाणें लाविलेलें पत्र सोईचें असतें यांत शंका नाहीं. पण कोणतें पत्र कोणत्या पुडक्यांत, कोणत्या हिशेबाच्या शेजारीं होतें, हें कळण्याचें साधन कायमचें जातें. तिथि नसलेल्या पत्राचा काळ पुष्कळदां शेजारच्या कागदावरूनच ठरवावा लागतो. एकाच पुडक्यांत सनदेची नक्कल, भावाभावांच्या तंट्याचे कागद आणि एक औषधाची यादी असेल तर ती बेशिस्त समजूं नये. ज्या दिवशीं घर वांटलें त्या दिवशीं एका भावाच्या हातीं जें आलें तें त्यानें एकत्र बांधलें असावें, अशी शंका प्रथम घ्यावी. चारी कोपऱ्यांच्या गांठीखालीं पूर्वजांनीं कांहीं लपविलें असेल तर तें हेंच. यासाठीं रुमाल सोडण्यापूर्वीं बाहेरून त्याचें चित्र घ्यावें. प्रत्येक पुडक्यास आहे त्याच क्रमानें आंकडा द्यावा. पेन्सिलीनें, शाईनें नव्हे. आणि कापडावर कांहीं लिहिलेलें आहे कीं काय हें उजेडांत धरून पाहावें. यादीच्या दोन प्रती कराव्या, एक पेटींत व एक घरीं. जवळा बाजार, औंढा, वसमत या बाजूस ज्या घरांचे वाडे या वर्षीं उतरावयाचे असतील त्यांनीं माळा मजुरांच्या हातीं देण्यापूर्वीं एक दिवस स्वतः वर चढावें, व तेथें सांपडलेलें गांठोडें न सोडतां, आहे त्या धुळीसकट, खालीं आणावें.